सुजीच्या पत्रिकेला मी विकी लावला

आधी चहा घ्या. हे सांगायला बसलो की माझं डोकं तापतं आणि चहा गार होतो, हे आमच्या घरात आता सगळ्यांना माहीत आहे. एवढा घोटाळा झाला, पण तुम्हीच सांगा, ह्यात माझं चुकलं काय? म्हणजे चुकलं. पण किती? ते ऐकून ठरवा.

दोन हजार सात-आठचं साल असेल. माझ्या धाकट्या बहिणीचं, सुजीचं, लग्न ठरलं होतं. आमचे वडील लवकर गेले, त्यामुळं सुजीला वाढवलं मुरगूडच्या आबांनी, म्हणजे आमच्या थोरल्या चुलत्यांनी. कन्यादान तेच करणार, ह्यात वाद नव्हता. वाद होता लग्नपत्रिकेचा! आमच्याकडं जेवणात मीठ कमी पडलं तरी पावणं गप जेवतात. पण पत्रिकेत नाव एक ओळ खाली गेलं, की मांडवात पाय ठेवत नाहीत.

मी तेव्हा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरला होतो. तिथं कॉम्प्युटरसमोर बसून बसून मला वाटायला लागलेलं, की आपल्याला त्यातलं कळतं. घरीही एक जुळवून घेतला होता. एका मासिकाबरोबर सीडी आली, आणि तीत मला विकी सापडला.

विकी म्हणजे काय, तर असं पान, जे कुणीही बदलावं. आणि जुनं काही पुसलंच जात नाही! कुणी काय बदललं, कधी बदललं, सगळं ‘इतिहास’ म्हणून शिल्लक राहतं. वाटलं तर जुनं पान एका क्लिकमध्ये परत. म्हटलं, आपल्या भावकीला हेच पाहिजे!

आता ते बसवायचं म्हणजे सीडी घातली आणि झालं, असं नव्हतं. आधी घरच्या कॉम्प्युटरलाच सर्व्हर करायचं, मग डेटाबेस, मग त्याचा पासवर्ड. पासवर्ड मीच घातला आणि मीच विसरलो. परत सगळं काढलं, परत घातलं. पडद्यावरची शेवटची पट्टी भरत आली की लाईट जायची. नेमकी तेव्हाच कशी जायची, मला सांगा!

सुजी म्हणाली, “दादा, कागदावर लिव्हून न्हाय व्हायचं का?”

“कागद फाटतोय! ह्यात लिव्हलेलं ब्रह्मदेवाला बी पुसता यायचं न्हाय!”

असं बोललो मी. जाऊ दे.

तर एकदाचा विकी चालू झाला. पत्रिकेचा मजकूर मी त्यात घातला. बस्त्याच्या निमित्तानं घरात रोज कोण ना कोण यायचं, कॉम्प्युटरसमोर बसायचं. त्यात आमचे धाकटे चुलते, कागलचे तात्या. दूध संस्थेत टायपिस्ट होते, मराठी टायपिंग लई भारी. आले, चहा प्याले, आणि आबांचं नाव खाली ढकलून स्वतःचं वर घालून गेले!

“तात्या, हे काय केलासा?”

“हॉल कुणी ठरवला? मी. आचारी कुणी सांगितला? मी. मग नाव खाली कसं?”

तुम्हीच बघा आता. थोरला भाऊ जिवंत असताना! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी क्लिक केलं, जुनं पान परत. दोन दिवसांनी तात्या आले, पुन्हा वर चढले. मी पुन्हा खाली ओढले. बायको म्हणाली, “अवो, तोंडानं बोला की त्येंच्याशी.” तोंडानं कशाला? एवढं सॉफ्टवेअर बसवलंय ते काय पूजा करायला?

पत्रिका प्रेसला द्यायची, त्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांना घरी बोलावलं. मुरगूडहून आबा आले. मी त्यांना खुर्चीत बसवलं, पान उघडलं आणि कौतुकानं म्हटलं, “वाचा आबा!”

आबांनी चष्मा लावला. पडद्यावर बोट ठेवून एकेक नाव वाचत खाली गेले. परत वर आले. परत खाली गेले. मग चष्मा काढला आणि टोपी घातली.

“चलतो. एसटी गावंल अजून.”

आबांचं नाव पानावर कुठंच नव्हतं! वर नाही, खाली नाही, कुठंच नाही!

सुजीला रडूच फुटलं. “आबा, तुमी गेल्यावर कन्यादान कोन करनार?”

“ज्येचं नाव वर हाय, त्यो करंल की! मी कोन?”

माझा तर तोलच सुटला. मी थेट तात्यांसमोर उभा राहिलो. “तात्या, वर-खाली केलासा ते चालवून घेतलं. थोरल्या भावाचं नावच काढलासा? लाज न्हाय वाटली?”

“मी? आयला, मी फकस्त वर चढलो! काढलं कुनाला न्हाय!”

“थांबा! आबा, तुमी बी थांबा. मशीनच सांगंल चोर कोन त्ये.”

आणि मी भर भावकीत ‘इतिहास’ उघडला. तात्या पुढं वाकले आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागले. “बदल केला, रघुनाथ. बदल केला, रघुनाथ. जुनं पान परत आनलं, रघुनाथ. बदल केला, रघुनाथ.” खालपर्यंत तेच. रघुनाथ म्हणजे कोण? मी!

आता ह्यात माझा काय दोष? बसवताना मी माझ्या नावानं आत शिरलो होतो आणि बाहेर पडायचं राहिलं होतं. त्यामुळं जो कोण खुर्चीत बसला, त्याचं पाप माझ्या नावावर! मी हे समजावत होतो, पण ऐकतोय कोण?

“व्हय रं,” आबा म्हणाले, “म्हंजे चोर बी तूच आनि पोलीस बी तूच?”

“न्हाय आबा, हे तात्यांनी...”

“शेवटचा बदल काल सांजचा हाय,” तात्या गरजले. “काल सांजला मी दूध संस्थेत हुतो! हितं कोन हुतं?”

काल संध्याकाळी तिथं मी होतो. तात्यांना खाली ओढायला जुनं पान परत आणताना रागात एक ओळ चुकीची दाबली होती. आबांचं नाव घालायच्या आधीचं पान मीच परत आणलं होतं. वाचून बघायचं सुचलं नाही. रागात कोण वाचतं हो?

इथवर ठीक होतं. पण आमची बायको म्हणाली, “तात्या, सगळ्यात खालची वळ दाबा की. पयलं पान कसं हुतं बघू.”

मी पडद्यासमोर आडवा झालो. तात्यांनी मला बाजूला सारून ओळ दाबली. ते माझं पहिलंवहिलं पान होतं, कुणाला दाखवायच्या आधीच मी बदललेलं. सगळ्यांच्या वर, एकट्याचं, ठळक अक्षरात: ‘निमंत्रक: श्री. रघुनाथ, संगणक तज्ज्ञ.’

आधी आबांच्या मिशा हलायला लागल्या. मग पोट. “संगनक तज्ज्ञ! अरं लेका, पासवर्ड आठवंना तुला आनि तज्ज्ञ?” डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसले, आणि टोपी काढून पुन्हा खुर्चीत बसले. सुजीनं लगेच चहा टाकला. त्या हसण्याच्या भरात सगळ्यांनी मिळून नावं ठरवली. आबा पहिले, मग मामा, मग तात्या, मग बाकीचे, आणि कुणी हूं की चूं केलं नाही! आमच्या भावकीत असं एकमत मी पहिल्यांदा बघितलं. तात्यांनीच टाईप केलं, मी सेव्ह केलं, मंडळी जेवायला बसली.

पण आतून हसण्याचा आवाज काही थांबेना. तात्या फोनवर कुणाला तरी सांगत होते, “रघ्या तज्ज्ञ झालाय आमचा!” मी तणतणत कॉम्प्युटरसमोर बसलो. म्हटलं, निदान ती एक ओळ तरी घालवू. एक ओळ जाईना. इतिहास जाईना. मग म्हटलं, आता तुलाच ठेवत नाही! विकी काढला, डेटाबेस काढला, सर्व्हर काढला. सगळं साफ करून टाकलं. कसं गार वाटलं!

एवढ्यात सुजी हात पुसत बाहेर आली. “दादा, प्रेसला द्यायचं पान काढलंस का?”

आता काय सांगू तुम्हाला! उष्ट्या हातानं सगळी भावकी पुन्हा कॉम्प्युटरभोवती जमली. मामा म्हणाले, दुसरं नाव माझं होतं. तात्या म्हणाले, छे, दुसरा मी. आत्याच्या घरच्यांनी तर तिसरंच काही काढलं. संध्याकाळपर्यंत भांडले, आवाज पार कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत गेला. शेवटी आबांनीच तोडगा काढला. नावं कुणाचीच नकोत, ‘समस्त भावकी’ घाला, आणि खाली फक्त तेवढीच एक ओळ छापा, जी सगळ्यांना एकसारखी आठवतीय. कन्यादानाला आबा हसत उभे राहिले. आणि पत्रिका कागल, मुरगूड, पार निपाणीपर्यंत गेली, खाली एकट्याचं नाव घेऊन: श्री. रघुनाथ, संगणक तज्ज्ञ.