स्केटबोर्डवरचा पाय

आमचे नंदनवन वस्तीतले शेजारी हिंगण्याच्या कारखान्यात कामाला आहेत. पाळी करून येतात तेव्हा त्यांना बोलायचंही त्राण नसतं. काहीही विचारलं तरी "होते गा" एवढंच म्हणतात.

परवा लेकीसाठी त्यांनी सीताबर्डीहून स्केटबोर्ड आणला. तिनंच मागितला होता, पण चाकं जरा हलली की ती खाली उतरायची.

मी म्हटलं, "हात धरून ढकला थोडं."

"काहून? तिले वाटन तवा जाईन."

मग अंगणातल्या पायरीवर बसून त्यांनी बोर्डवर एक पाय घट्ट रोवला. तेव्हा कुठे ती वर उभी राहिली.

थोड्या वेळानं पाहिलं, तर ते भिंतीला टेकून गाढ झोपले होते. लेक अजून बोर्डवरच होती.

"काका, आवाज नका करू," ती हळूच म्हणाली. "पप्पा उठले तर पाय काढतीन."