साईनाथची कोरी गिटार

"याला तेल कोनी चोललं गो?"

"मी. दुसरं हाय कोन घरात?"

"कदी?"

"सनावाराला. मदीच कदीतरी."

दामू सुताराच्या हातातली काळ्या रंगात बुडवलेली चिंधी तशीच राहिली. पुढ्यात गिटारीची बॉडी. तिच्यावर रंगाचे थेंब उभे होते, अळूच्या पानावर पाणी राहावं तसे. आत जायचं नाव घेईनात. गिरजा उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. नवऱ्याचं काय बिघडलं ते तिला कळेना.

बॉडी साईनाथची, त्यांच्या एकुलत्या एका पोराची. शेणवे गावातल्या याच पडवीत तो रंधा धरायला शिकला आणि कल्याणकडे गिटारी बनवणाऱ्या कारखान्यात लागला. एकदा स्वतःच्या गिटारीसाठी मेपल नावाच्या विलायती लाकडाची पातळ फळी घेऊन घरी आला. पांढरी फटफटीत. दामू म्हणाला, याची चूलपन पेटायची नाय. पोरगा हसला. त्याने फळी उन्हात तिरकी धरली, तर आतून पट्टे सरकले, वाऱ्याने खाचरातलं पाणी शहारावं तसे. मग दामूनेच ती हातात घेतली. लाकूड त्याला कळत होतं.

सुट्टीसुट्टीला बसून साईनाथने बॉडी कापली, वर ती मेपल चिकटवली, काठ घासून गोल केले. रंग लालभडक द्यायचा होता. त्याची रीत त्याने बापाला सांगितली होती. आधी काळा रंग पाजायचा, सुकला की घासून काढायचा. पट्ट्यांत मुरलेला तेवढा राहतो. मग वरून लाल. रंगाच्या पुड्याही आणून ठेवल्या, आणि २००३ च्या शिमग्याआधी कसाऱ्याच्या घाटात ट्रकखाली गेला.

गिरजाने बॉडी लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवली. दामू वर्षभर त्या पेटीकडे फिरकला नाही. वर्षश्राद्ध झालं तेव्हा त्याने मनाशी ठरवलं, पोराने ठरवलेला रंग त्याच्या लाकडाला द्यायचाच. आज सकाळी मेपलच्या उरलेल्या एका तुकड्यावर करून पाहिलं. पट्टे असे उठले की गिरजा तुकडा हातातून सोडेना. असाच व्हनार ना, म्हणून दोनदा विचारलं. बॉडी थोडी पिवळी पडली होती, पण ठेवलेलं लाकूड पिवळं पडतंच, म्हणून दामूने तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

सुताराच्या घरात कोरं लाकूड कोणी ठेवत नाही. नांगर असो, मुसळ असो, कुऱ्हाडीचा दांडा असो, त्याला खुरासणीचं तेल पाजायचं, नाहीतर तडकतं. गिरजा लग्न होऊन आली तेव्हा हे तिला दामूनेच शिकवलं होतं.

त्याने थिनरने पुसून पाहिलं. वर कोरडं दिसलं. पुन्हा रंग लावला, पुन्हा डागच डाग. तेल आत बसलं होतं. घासून काढावं तर काठाशी मेपल कागदाएवढी पातळ उरलेली. साईनाथच्या हातची गोलाई जाणार आणि खालचं लाकूड उघडं पडणार. दामूने पॉलिश पेपर उचलला. काठावरून अंगठा फिरवला. पेपर खाली ठेवला.

"माज्यामुलं नासला ना रंग?"

"नाय. तेल पाजायची रीत माजी व्हती."

गिरजाने बराच वेळ सुपातले खडे वेचले. मग खालमानेनेच बोलली, "लहानपनी चोलायची ना मी त्याला, तसंच चोललं. हाताला कायतरी लागायला पायजे व्हतं."

दामूने पुसता येईल तेवढं पुसलं. काळपट ओरखडे राहिले ते राहिले. सूप बाजूला सरकवून त्याने बॉडी तिच्या मांडीवर दिली आणि रंगाच्या पुड्या भिंतीवरच्या फळीवर मागे सारल्या.

तेवढ्यात वाटेवरून गावातल्या मंगळूने हाक मारली. त्याच्या नव्या दाराची चौकट आज बसवायची होती, गवंडी येऊन खोळंबला होता. बायकोशी भांडून झालं असंल तर चल, म्हणाला. दामूने पटाशी, वाकस, ओळंबा पिशवीत टाकला आणि त्याच्या मागून निघाला. चौकट एका अंगाने बोटभर मोठी निघाली, ती तासत बसला.