नकाशावरचं घर

उपासना संपल्यावर चटया न उचलता आमची ख्रिस्ती मंडळी तीन रविवार एकाच प्रश्नावर बोलत बसली होती. आपण कोण, आणि जगात आपल्याला कुठं पाठवलंय? आमच्या पणज्यांकडे परदेशातून मिशनरी आले होते. आता आपण कुणाकडे जायचं, असं पाळकसाहेब विचारायचे.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. कॉलेजची पुस्तकं मंडळीनंच आणून दिली होती. त्यामुळं हे सगळं कागदावर मांडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला तो मोठा मान वाटला.

मी जगाचा नकाशा आणला. शेजारी पलूस आणि कडेगाव तालुक्यांचा नकाशा हातानं काढला. ज्या घरांत आमची प्रार्थना व्हायची तिथं लाल टाचण्या लावल्या आणि खाली सुवाच्य अक्षरात घरधन्यांची नावं लिहिली. कडेगावकडची बाजू मोकळी दिसत होती, म्हणून तिथं मावशींचंही घर घातलं.

मावशी नात्यातल्या नव्हत्या आणि आमच्या मंडळीतल्याही नव्हत्या. मुलगी गेल्यापासून दर बुधवारी दुपारी आमच्या दोन बायका त्यांच्याकडे प्रार्थनेला जायच्या, एवढंच. त्यांचे मालक निवृत्त सुभेदार, घरचा ऊस. त्यांना ठाऊक होतं, पण ते आड येत नसत. भावकीला मात्र पत्ता नव्हता.

तिसऱ्या रविवारी कापणीचा सण होता. लोकांनी वाहिलेला ऊस, गूळ, भोपळे, कोंबड्या यांचा आमच्या प्रार्थनागृहाच्या अंगणात लिलाव होतो आणि त्याला सगळं गाव येतं. हे माहीत असूनही मी नकाशा दाराशेजारी लावला. मला तो दाखवायचा होता.

लिलावात घेतलेली गुळाची ढेप काखेत धरून एकजण नकाशापुढं बराच वेळ उभा राहिला.

"लय झ्याक काढलंयस गड्या. ह्या टाचण्या कसल्या?"

मी बोट ठेवून एकेक घर सांगितलं. त्यानं हसून मोबाईल काढला आणि फोटो घेतला.

बुधवारी आमच्या बायका मावशींच्या वस्तीवरून आल्या पावली परतल्या. दारासमोर दोन मोटारसायकली उभ्या होत्या. त्यांच्यावरची पोरं बायकांकडे रोखून बघत होती. संध्याकाळी मावशींचा फोन आला. भावकीनं सुभेदारांना बैठकीला बोलावलं होतं.

"लेकरा, माझं घर कागदावर घालायच्या आधी मला इचारायचं तरी हुतंस," त्या म्हणाल्या. "आता हिकडं कुणी येऊ नगा."

चौथ्या रविवारी मी मंडळीपुढं उभा राहून सगळं सांगितलं. कुणी रागावलं नाही. मंडळीचे एक म्हातारे पंच तेवढे म्हणाले, "आपुन साऱ्या जगात जायाचं ठरवतुया, आन त्या माऊलीच्या दारात आपल्याला जाता येत न्हाई."

पाळकसाहेबांनी नकाशा स्वतः उतरवला. गुंडाळता गुंडाळता ते थांबले. त्यांनी टाचण्या मोजल्या. मावशींची सोडून अकरा होत्या, आणि फोटोत सगळीच घरं आली होती. त्यातली लांबच्या वस्त्यांवरची माणसं आज उपासनेला नव्हती.

"चल," ते मला म्हणाले. "निदान आता तरी त्यांना सांगून येऊ."

जेवायला न थांबता आम्ही निघालो. पहिल्याच घराच्या वळणावर दोन मोटारसायकली उभ्या होत्या.