कोरी आठ घरं

पोलीस बँडमधून निवृत्त झाल्यावर बाबा बावधनला माझ्याकडे राहायला आले. सोबत क्लॅरिनेट होतं आणि तोंडात दुखरे दात. दात काढून कवळी बसवली आणि वाजवणं बंद पडलं. रिहे गावातल्या शेतकरी पोरांच्या बँडला ते दर रविवारी नोटेशन वाचायला शिकवत, पण स्वतः हातात क्लॅरिनेट धरत नसत. "कवळी सरकते," एवढंच सांगायचे. अलीकडे मात्र खोलीचं दार लावून, पंखा पाचवर ठेवून वाजवायचे. आपलं कोणाला ऐकू जात नाही, असा त्यांचा समज होता.

गावच्या जत्रेसाठी त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवर एक धून लिहिली. क्लॅरिनेट बाबाच वाजवणार, असं ठरलं. पोरांचे कागद आधीच दिले होते; जत्रेच्या सकाळी मी बाबांचा कागद छापायला बसलो. लोडशेडिंग सुरू व्हायला थोडाच वेळ होता. क्लॅरिनेटचा कागद बाहेर आला. मधली आठ घरं कोरी! दोन उभ्या रेघांमधल्या जागेला बाबा घर म्हणायचे. स्पीकरवर धून लावली तर त्याच जागी क्लॅरिनेट खणखणीत वाजत होतं. पुन्हा छापलं, पुन्हा कोरी.

दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो आणि घरचे सूर सापडेनात. मी सॉफ्टवेअरला, ते बनवणाऱ्याला, प्रिंटरला, सगळ्यांना शिव्या घातल्या. शेवटी एका मेनूच्या तळाशी 'लपवलेलं दाखवा' अशी सोय मिळाली. तिथे क्लिक केलं आणि आठही घरांत फिकट राखाडी सूर उमटले. एकेक निवडून लपवले होते. चुकून असं होत नाही.

"बाबा, हे तुम्ही लपवलेत?"

ते दाढी करत होते. आरशातूनच बोलले, "बाकी सगळं खालच्या पट्टीत आहे, जमेल. हे वरचं आहे, तिथे कवळी सरकते आणि मी एकटाच आहे. जमलं तर वाजवीन. कागदावर असलं आणि नाही जमलं, तर पोरांना कळेल."

"मग छापू की नको?"

"नको."

दिवे गेले. मी कोऱ्या घरांचाच कागद फाइलमध्ये घातला.

गावात देवळासमोर बँड उभा राहिला. बाबा पुढे, जुनी टोपी घालून. मी गर्दीत, पण माझं लक्ष फक्त त्यांच्या जबड्याकडे. ती जागा आली. सगळे थांबले, एकटा ड्रम चालू राहिला. बाबांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं. गाल फुगले. मी देवाला फारसा मानत नाही, पण हात जोडले गेले. मग त्यांनी क्लॅरिनेट हळूच खाली घेतलं. पाय मात्र ठेका धरून होता. आठ घरं संपली आणि सगळा बँड पुन्हा सुरू झाला.

नंतर ट्रम्पेटवाला घाम पुसत आला. "मास्तर, मधी समद्यांना गप करून नुस्ता ड्रम ठिवला, त्ये लई भारी झालं बगा. पर तुमी क्लॅरिनेट उचललं, आमाला वाटलं काय चुकलं का काय!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. तसं त्यांनी माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं.

"चुकेल कसं?" मी म्हणालो. "कागद मीच छापलाय. त्यात तसंच आहे."

बाबा खाली बसले आणि क्लॅरिनेटचे भाग सुटे करून पुसायला लागले.