मुरब्याचे ओटे

विधानसभेत पहिल्यांदा बोलायला उठले तेव्हा आमदार होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. भीतीने हातातल्या कागदावरची अक्षरं दिसेनात, म्हणून मी तो बाजूला ठेवला आणि सरळ मुरब्याच्या, आमच्या किनाऱ्यावरच्या कोळी गावाच्या, बोलीत म्हणाले, "आमच्या बाया रेतीवर सुकट सुकवतात. ती दाताखाली कचकचते. आमाला सिमेंटचे ओटे पायजेत!"

सभागृह हसलं, पण मंत्री उठून म्हणाले, "ओटे बांधून देऊ."

बाहेर येताच आईला फोन लावला. ती मनोरच्या बाजारात सुकट विकत होती.

"बगितलं गो मोबाईलवर!" ती ओरडली. "गिऱ्हाईकांनापण थांबवून दाखवलं!"

पुढच्या उन्हाळ्यात ओटे झाले. उद्घाटनाला बायांनी मला भाषण करूच दिलं नाही. हातात टोपली देऊन सुकट पसरायला लावली.