मऊ रबराची वाट

आमचे आप्पा निपाणीत चपला शिवायचे. मी बेळगावजवळच्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात त्याच कामाला लागलो. बधिर पायाला काटा टोचलेला कळत नाही, जखम चिघळत जाते. म्हणून त्या चपलांना आतून मऊ रबर लावावं लागतं. ऐंशीच्या सुमारास एका परदेशी संस्थेला हे काम शिकवायला आफ्रिकेतल्या एका बंदराच्या शहरात स्वयंसेवक हवा होता. दवाखान्यानं मला पाठवायचं ठरवलं. आप्पा म्हणाले, "जा. पर चपला शिवायला कोण इतक्या लांब जातंय व्हय रं?"

तिथं मला पत्र्याची खोली आणि तिला लागूनच वर्कशॉप मिळालं. हत्यारं होती, कातडं होतं, मऊ रबर नव्हतं. ते बोटीनं यायचं होतं. सकाळी नळाच्या रांगेत उभं राहायचं, कोपऱ्यावर उकडलेली कच्ची केळी विकणाऱ्या बाईकडं खायचं आणि बंदराच्या कचेरीत जाऊन रबराची चौकशी करायची. तिथला कारकून भला होता. खुर्ची द्यायचा, घरचं विचारायचा, आणि पुढच्या आठवड्यात या म्हणायचा. बेळगावच्या हवेत राहिलेल्या मला तिथला दमटपणा शेवटपर्यंत मानवला नाही. शिकायला आलेले तिघं हळूहळू बाजारात जुन्या टायरच्या चपला विकायला बसले. त्यांना घरं चालवायची होती. मी अडवलं नाही.

मासे विकणारी एक रोगी बाई मात्र चपलांसाठी येत राहिली. तिच्या डाव्या बधिर तळपायाला जखम होती. टायरचं रबर तासून, त्यावर गोधडीसारखे कापडाचे थर शिवून मी तिला एक जोड करून दिला. पावसात कापड भिजलं, वाळलं, पुन्हा भिजलं आणि दगडासारखं कडक झालं. जखम वाढली. काही दिवस पाय टेकू नका, असं मी तिला सांगितलं.

"मी बसले तर मासे कोण विकणार?" ती म्हणाली.



पावसाळा सरता सरता तिचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. मी इस्पितळात गेलो, खाटेशेजारी उभा राहिलो.  ती म्हणाली, "आता एकच चप्पल करा. रबर निम्मंच लागेल."

ती थट्टा करत नव्हती.

तेवढंही आलं नाही. माझी मुदत संपली. वर्कशॉपला कुलूप घालून किल्ली संस्थेकडं दिली आणि परतलो. निपाणीत शेजारीपाजारी सिंह बघितलास का म्हणून विचारायचे. आप्पांनी विचारलं, किती माणसं तयार केलीस?

"कोण न्हाय, आप्पा."

त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मी जुन्या कामावर रुजू झालो. तिथं मऊ रबराची कधीच टंचाई नव्हती, आणि तेच मला सोसायचं नाही.