नुबकवरची लव

"आधी ब्रश, मग पाणी, मग सावली. बोलायचं असेल ते त्यानंतर."

आत्याचं हे वाक्य वाटाड्यांच्या ठाण्यात सगळ्यांना पाठ होतं. डोंगराच्या पायथ्याशी ठाणं, ठाण्याच्या तळघरात बुटांची खोली आणि त्या खोलीत एकतीस वर्षं आत्या. सख्खी आत्या ती एकाच माणसाची, हाताखाली काम करणाऱ्या भाचीची. पण दाढीवाले गडीसुद्धा तिला आत्याच म्हणत, आणि चिखलाचे बूट तिच्या टेबलावर ठेवताना आधी घसा खाकरत.

वाटाड्यांचे बूट नुबकचे. चामड्याची वरची बाजू घासून तिच्यावर लव आणलेली असते, वासराच्या कानामागे असते तेवढी बारीक. बोट फिरवलं की तिच्यावर वाट उमटते. मेण चोपडलं की ती कायमची बसते. शेगडीजवळ ठेवलं की चामडं तडकतं. आत्या नाड्या काढी, आतले तळ काढी, लव उभी राहीपर्यंत ब्रश मारी, ओल्या फडक्यानं पुसून आत कागदाचे बोळे भरी आणि बूट दोन दिवस सावलीत ठेवी. मग पाणी अडवणारा फवारा. तो कोरड्या चामड्यालाच धरतो. ओल्यावर मारला तर पहिल्याच चिखलात निघून जातो. म्हणून त्याआधी आत्या बुटात पार पुढपर्यंत हात घाली, डोळे मिटी आणि निकाल देई. कोरडा. नाहीतर, ओला. त्यावर कुणी हूं की चूं करत नसे.

भाची पस्तिशीची, नवऱ्यानं टाकलेली, आत्याच्याच घरी राहणारी. आत्यानंतर खोली तिची, हे ठरलेलं होतं. त्या एका आशेवर ती चार वर्षं तग धरून होती. पण आत्यानं तिला फवाऱ्याला हात लावू दिला नव्हता.

"हात आहे की फावडं?" आत्या सगळ्यांदेखत म्हणे. "हिला नवरा टिकवता आला नाही, लव काय टिकवणार!"

वाटाडे खो खो हसत. भाचीही हसे. न हसून जाणार कुठे?

त्या हिवाळ्यात तिनं एक गोष्ट पाहिली. आत्याची बोटं तापलेल्या किटलीला टेकली होती आणि आत्या आपली बोलतच होती. कातडी करपल्याचा वास आला तेव्हा तिनं खाली पाहिलं आणि गुपचूप हात खिशात घातला. बोटं मेली होती. गार पाण्यानं की फवाऱ्यानं, देव जाणे. म्हणजे डोळे मिटून दिलेला निकाल आता नुसता अंदाज होता.

भाची कुणाला काही बोलली नाही. रोज सकाळी आत्याच्या आधी येऊन ती बूट चाचपू लागली. ओली जोडी दिसली की फळीवर मागे सरकवायची. महिनाभर आत्याचा एकही निकाल चुकला नाही.

मग एके दिवशी टोणग्याची जोडी निघाली. टोणगा म्हणजे ठाण्यातला सगळ्यात धिप्पाड वाटाड्या. नाव आत्यानंच ठेवलेलं. तो बूट न्यायला दारात उभा होता. जोडी आतून ओली होती. त्या सकाळी भाचीला यायला उशीर झाला होता. आत्यासमोरच तिनं ती चाचपली आणि मागे सारायला लागली. आत्यानं ब्रशची लाकडी पाठ तिच्या बोटांवर हाणली.

"शिवू नकोस! पांढऱ्या पायाची."

टोणगा हसला.

आत्यानं बुटात हात घातला, डोळे मिटले. "कोरडा."

भाचीनं फवाऱ्याची बाटली नीट हलवली आणि तिच्या हातात दिली.

तिसऱ्या दिवशी टोणग्याला चौघांनी उचलून खाली आणलं. तासाभरातच बूट भिजले होते आणि पुढे खिंडीत बर्फ होतं. उजव्या पायाची तीन बोटं कापावी लागली.

ठाण्याचे साहेब स्वतः तळघरात उतरले. मागे जिन्यावर वाटाडे.

"आत्या, बूट ओले होते. तुम्हाला कळलं नाही?"

खरं सांगितलं असतं तर लोकांना कीव आली असती. आत्याला शिव्या चालत, कीव चालत नसे.

"कळलं होतं," ती म्हणाली. "कंटाळा केला."

जिन्यावरून कुणीतरी थुंकलं. साहेबांनी किल्ली मागून घेतली, भाचीच्या हातावर ठेवली आणि ते वर गेले.

दोघीच उरल्या.

"तुला ठाऊक होतं," आत्या म्हणाली.

"हो."

"आणि रोज त्या जोड्या मागे जायच्या, त्या…"

"मीच सारायचे."

"मग त्या दिवशी?"

"तू हातावर मारलंस."

"एवढ्यासाठी त्याची बोटं घालवलीस, भवाने?"

"निकाल तुझा होता, आत्या. माझा हात म्हणजे फावडं."

आत्यानं कोट चढवला. वरचं बटण तिला लागेना. दोनदा निसटलं, तिसऱ्यांदाही. भाची समोर उभी होती. तिनं हात पुढे केला नाही. शेवटी आत्या कोट तसाच उघडा टाकून जिना चढली.

तळघराची खिडकी अंगणाच्या पातळीला होती. तिच्यातून माणसं पायांपुरतीच दिसत. अंगणात वाटाड्यांच्या बुटांची रांग उभी होती. आत्याचे पाय रांगेपाशी येऊन थांबले. एकही बूट बाजूला सरकला नाही. मग ते पाय वळले, भिंतीच्या कडेकडेनं फाटकाकडे गेले, आणि खाली भाची गजांना धरून ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली.